यीस्टला मेंदू नसतो, तरीही...

कोल्हापुरात यीस्टला कामाची कमतरता नाही. मिसळीबरोबर येणारा पाव फुगतो तो यीस्टमुळे, आणि साखर कारखान्यातील मळीपासून अल्कोहोल होते तेही यीस्टमुळेच. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आल्यापासून तर ऊसपट्ट्यातील डिस्टिलऱ्यांच्या टाक्यांमध्ये या एकपेशीय बुरशीला उसंत नाही. शिवाजी विद्यापीठाने तिच्याकडून आणखी एक काम करून घेतले होते. डॉ. ज्योती जाधव आणि डॉ. संजय गोविंदवार यांनी २००६ मध्ये ‘यीस्ट’ याच नावाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दाखवून दिले की, मॅलाकाइट ग्रीन हा विषारी रंग यीस्टच्या पेशी मोडून त्याचा हिरवेपणा घालवू शकतात. इचलकरंजीसारखी कापडनगरी शेजारी असलेल्या विद्यापीठाला रंगीत सांडपाण्याचा प्रश्न सुचावा, हे स्वाभाविकच होते.

याच यीस्टला गेली पंचवीसेक वर्षे जगभरातील प्रयोगशाळांनी एका वेगळ्याच कामाला जुंपले आहे. कंपवात (पार्किन्सन), स्मृतिभ्रंश (अल्झायमर), हंटिंग्टन आणि एएलएस या आजारांत मेंदूतील किंवा मज्जारज्जूतील पेशी हळूहळू मरत जातात. त्या का मरतात, हे यीस्टकडून समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. अधूनमधून त्याच्या बातम्या येतात आणि मथळा बहुधा एकाच धाटणीचा असतो : अमुक पदार्थाने यीस्टमधील कंपवात बरा झाला, आता औषध दूर नाही. घरात असा रुग्ण असलेल्या माणसाला हा मथळा नुसता वाचून सोडून देता येत नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. हा आकडा पाहिला की यीस्टच्या बातमीवर किती विसंबायचे, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

यीस्टला मेंदू नाही, चेतापेशी नाहीत, हातपाय नाहीत, तेव्हा थरथरण्याचा प्रश्नच नाही. मग त्याला कंपवात होणार कसा?

उत्तर पेशीच्या आतल्या कारभारात आहे. यीस्टची पेशी दिसायला क्षुद्र असली तरी जीवाणूंपेक्षा तिचे आपल्याशी नाते जवळचे आहे. तिला केंद्रक आहे, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका आहेत, प्रथिने घडवण्याचे, घडी घालण्याचे आणि बिघडलेली मोडीत काढण्याचे विभाग आहेत. १९९६ मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवाचा वाचला गेलेला तो पहिलाच जनुकसंच. जनुके निघाली सुमारे सहा हजार. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात आशिक कचरू आणि सहकाऱ्यांनी एक धीट प्रयोग केला. यीस्टला जगण्यासाठी अत्यावश्यक असलेली ४१४ जनुके निवडून, एकेक जनुक काढून त्या जागी माणसातील त्याच नात्याचे जनुक बसवले. जवळपास निम्म्या वेळा यीस्ट निवांत जगले. दोघांचा सामाईक पूर्वज अब्जभर वर्षांपूर्वी होऊन गेला असला, तरी सुटे भाग अजून एकमेकांना बसतात.

मेंदूच्या या आजारांमध्ये एक खूण समान आहे. एखादे प्रथिन नीट घडी न पडल्यामुळे किंवा प्रमाणाबाहेर झाल्यामुळे पेशीत त्याच्या गुठळ्या जमतात. कंपवातात ते प्रथिन अल्फा-सिन्यूक्लिन असते, हंटिंग्टनमध्ये हंटिंग्टिन, तर एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत टीडीपी-४३. घडी घालणे आणि बिघडलेले मोडीत काढणे हे खाते यीस्टमध्येही असल्यामुळे, माणसाचे हे प्रथिन यीस्टच्या पेशीत तयार करायला लावले तर काय होते, हे पाहता येते.

अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेत सुसान लिंडक्विस्ट यांनी नेमके हेच केले. २००३ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा आणि टियागो औतेइरो यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. अल्फा-सिन्यूक्लिनच्या जनुकाची एक प्रत यीस्टमध्ये घातली, तर प्रथिन पेशीच्या कडेला पटलावर गुमान बसले. दोन प्रती घातल्या, तर त्याच्या गुठळ्या झाल्या आणि पेशींची वाढ थांबली. केवळ दुपटीचा फरक, आणि निरुपद्रवी वस्तू विष ठरली. काहीच आठवडे आधी अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या कंपवात होता, आणि कारण निघाले ते असे की, हेच जनुक त्यांच्या एका गुणसूत्रावर तीनदा लिहिलेले होते. एकीकडे माणसाचे कुटुंब, दुसरीकडे बशीतले यीस्ट, आणि दोघेही सांगत होते की प्रथिनाचे प्रमाण वाढणे हेच घातक आहे. यीस्टकडे पाहण्याची वैद्यकीय जगाची दृष्टी तेव्हापासून बदलली.

पुढचा प्रश्न होता तो पेशीत आधी काय बिघडते याचा. पेशीत तयार झालेली प्रथिने एका विभागातून दुसऱ्या विभागात छोट्या पिशव्यांतून पाठवली जातात, गोदामातून पार्सल निघावीत तशी. २००६ मध्ये लिंडक्विस्ट यांच्या गटाने दाखवले की अल्फा-सिन्यूक्लिन वाढले की सगळ्यात आधी ही वाहतूक तुंबते. पिशव्या निघतात, पण पोहोचत नाहीत. वाहतूक हाकणारे एक प्रथिन जास्तीचे पुरवले, तर तुंबलेला रस्ता मोकळा होतो. हाच उपाय माशी, सूत्रकृमी आणि उंदराच्या चेतापेशींवरही लागू पडला. ही वाहतूक व्यवस्था मुळात समजली तीही यीस्टमुळेच. रँडी शेकमन यांना २०१३ चे नोबेल त्याच कामाच्या आधारावर मिळाले. पेशी आपलाच कचरा कशी मोडीत काढते, हे शोधणारे जपानचे योशिनोरी ओसुमी २०१६ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले, तेही यीस्टच्याच जोरावर. पावाच्या पिठातील या जीवाने वैद्यकशास्त्राला इतके दिले आहे, याची बेकरीवाल्यांना कल्पना नसावी.

यीस्ट संशोधकांना इतके प्रिय असण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. त्याची संख्या दीड तासात दुप्पट होते. खाद्य म्हणजे थोडी साखर आणि काही क्षार. एकेक जनुक काढून टाकलेले सुमारे पाच हजार वाण तयार संचाच्या रूपात उपलब्ध आहेत. कोणते जनुक नसेल तर विषबाधा कमी होते, हे शोधायला उंदरांमध्ये अनेक आयुष्ये गेली असती. यीस्टमध्ये ते काही आठवड्यांत होते.

या गतीचा सर्वांत मोठा लाभ एएलएसच्या संशोधनाला झाला, आणि सर्वांत मोठी ठेचही तिथेच लागली. ही कहाणी जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण बशीपासून रुग्णापर्यंतचे अंतर किती असते, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

ॲरन गिटलर यांनी टीडीपी-४३ हे प्रथिन यीस्टमध्ये घातले आणि त्याचा विषारीपणा कोणत्या जनुकांमुळे कमी-जास्त होतो, याची चाळणी लावली. त्यातून जे जनुक वर आले, त्याचे माणसातील भावंड म्हणजे अटॅक्सिन-२. मग थेट रुग्णांच्या रक्तातील डीएनए तपासले गेले. अटॅक्सिन-२ च्या जनुकात एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. हा पुनरुक्त भाग मध्यम लांबीचा असणारे लोक निरोगी गटात १.४ टक्के, तर एएलएसच्या रुग्णांत ४.७ टक्के आढळले. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. ज्या धोक्याचा कोणाला संशयही नव्हता, तो यीस्टने दाखवला होता. २०१७ मध्ये याच गटाने उंदरांमध्ये अटॅक्सिन-२ कमी करून दाखवले, आणि आजारी उंदीर लक्षणीयरीत्या जास्त जगले. माणसांवर प्रयोग करायला यापेक्षा भक्कम पाया क्वचितच मिळतो.

तो प्रयोग झालाही. बायोजेन आणि आयोनिस या कंपन्यांनी अटॅक्सिन-२ ची निर्मिती रोखणारे, पाठीच्या कण्यातून द्यायचे औषध तयार केले. मे २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात अटॅक्सिन-२ खरोखरच कमी झाले होते. म्हणजे औषधाने नेमून दिलेले काम चोख केले होते. पण रुग्णांचे चालणे, श्वास, स्नायूंची ताकद यांत फरक पडला नाही, आणि चेतापेशींची झीज दाखवणारी रक्तातील खूणही खाली आली नाही. कंपन्यांनी ते औषध सोडून दिले.

लिंडक्विस्ट यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या युमॅनिटी या कंपनीचा प्रवासही फार वेगळा नव्हता. यीस्टमधील चाळणीतून तिने कंपवातासाठी एक लक्ष्य शोधले. पेशीतील मेदाम्लांवर काम करणारे ते विकर होते. औषध माणसांवरील सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने काही अटींवर त्या चाचण्यांना अंशतः लगाम लावला, आणि त्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. लिंडक्विस्ट यांचे निधन २०१६ मध्येच झाले होते.

मग यीस्टने चुकीचे सांगितले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. यीस्टला विचारलेला प्रश्न होता, हे प्रथिन पेशीला कसे मारते? त्याचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले. सत्तर वर्षांच्या माणसाला लक्षणे दिसू लागल्यावर ही एक वाट बंद केली तर त्याचा आजार थांबेल का, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता, आणि त्याचे उत्तर देणे त्याच्या आवाक्यातलेही नाही. कंपवाताच्या रुग्णाचा हात थरथरू लागतो, तोवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा मोठा वाटा संपलेला असतो. शिवाय चेतापेशी एकट्या नसतात. त्यांच्याभोवती त्यांना पोसणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या पेशी असतात, रोगप्रतिकारक यंत्रणा असते. बशीत यातले काहीच नाही.

आणखी एक फरक फारसा सांगितला जात नाही, पण तो मूलभूत आहे. यीस्ट सतत विभागते. विभागताना जुनी पेशी बिघडलेली प्रथिने बहुतांशी स्वतःकडे ठेवते आणि नव्या पेशीला स्वच्छ संसार थाटून देते. आपली चेतापेशी विभागत नाही. जन्माच्या आसपास तयार झालेली पेशी शेवटपर्यंत तीच, आणि कचराही तिचा तिलाच सांभाळायचा.

कोल्हापूरचा या आजारांशी संशोधनाचा संबंध आहे तो दुसऱ्या टोकाने, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. कंपवातात मेंदूतील डोपामिन कमी पडते, आणि ते भरून काढण्यासाठी लेव्होडोपा हे औषध गेली सुमारे सहा दशके दिले जाते. हाच पदार्थ खाजकुयलीच्या बियांत निसर्गतः असतो. १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्या बियांतून वेगळा केला होता. शिवाजी विद्यापीठात डॉ. ज्योती जाधव यांच्या गटाने टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून सूक्ष्मजीवांकरवी लेव्होडोपा बनवण्याच्या पद्धती शोधल्या. बॅसिलसच्या एका नव्या वाणावरचा त्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर इतर जीवाणूंवरही काम झाले. विद्यापीठाच्याच वनस्पतिशास्त्र विभागाने, म्हणजे डॉ. श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी, २०१२ मध्ये उत्तर सह्याद्रीतून खाजकुयलीच्या कुळातील म्युकुना संजाप्पी ही नवी जातीच नोंदवली.

पण लेव्होडोपा तूट भरून काढते, गळती थांबवत नाही. पेशी मरत राहतात, आणि काही वर्षांनी त्याच गोळीचा परिणाम कमी काळ टिकू लागतो. गळती का होते, हा यीस्टला विचारायचा प्रश्न. एकाच आजाराची ही दोन टोके आहेत, आणि वाचकाने बातमी वाचताना ती कोणत्या टोकाची आहे, हे पाहिले तर निम्मा गोंधळ मिटतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. खाजकुयलीत लेव्होडोपा आहे हे कळल्यावर अनेक घरांत कवचबीजाचे चूर्ण डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर सुरू होते. ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ हा त्यामागचा विचार. अपाय होऊ शकतो, तो वनस्पती निरुपयोगी असल्यामुळे नव्हे, तर ती खरोखर काम करते म्हणून. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के असले तरी ते बी, जमीन आणि हंगाम यांनुसार बदलते. गोळीतली मात्रा डॉक्टरांनी मोजून दिलेली असते. त्यात न मोजलेली भर पडली की अंगाच्या अनियंत्रित हालचाली, रक्तदाब घसरणे, भास होणे असे प्रकार ओढवतात. चूर्ण घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ते रागावतील म्हणून लपवणे सर्वांत धोक्याचे.

हळदीचेही असेच. सांगलीची बाजारपेठ शेजारी असल्याने या भागाला तिचा अभिमान असणे साहजिक आहे, आणि हळदीतील कर्क्युमिन बशीत प्रथिनांच्या गुठळ्या अडवते, असे शेकडो निबंध सांगतात. पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ते २४ आठवडे रोज २ आणि ४ ग्रॅम देऊन केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत काही लाभ दिसला नाही. रक्तात ते फारसे पोहोचतच नाही. शिवाय औषधशोधाच्या क्षेत्रात कर्क्युमिनची ख्याती अशी की ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘काहीतरी’ करते, कारण ते चाचणीच्या रसायनांतच ढवळाढवळ करते.

तेव्हा सह्याद्रीतील वनस्पतींचे अर्क यीस्टवर तपासण्याचा विचार कोल्हापुरात कोणी केला, तर तो रास्तच ठरेल. वनस्पती ओळखणारे तज्ज्ञ इथे आहेत, सूक्ष्मजीव वाढवणारे आहेत. उंदरांसाठी लागणारे प्राणिगृह आणि त्यासोबतच्या परवानग्या यीस्टला लागत नाहीत; परके जनुक घालायचे म्हणून संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची संमती मात्र घ्यावी लागते. आयआयटी हैदराबादमध्ये टीडीपी-४३ वर यीस्टमध्येच काम चालते. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की, अल्फा-सिन्यूक्लिन गुठळी होण्याआधी तेलाच्या थेंबासारखे वेगळे होते आणि मग घट्ट होत जाते. म्हणजे विचारायला जाणकार माणसेही फार लांब नाहीत. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडण्याची योजना आखली आहे. तिचा पैसा नुसत्या महागड्या यंत्रांवर न जाता अशा स्वस्त, पण चिवट कामावर गेला तर बरे.

चिवट अशासाठी की यीस्टची चाचणी फसवते. माणसाचे घातक जनुक यीस्टमध्ये बसवताना त्याला बहुधा गॅलॅक्टोज या साखरेचे बटण लावलेले असते. ती साखर दिली की जनुक सुरू. आता एखाद्या अर्काने यीस्ट वाचले, तर त्याने प्रथिनाचा विषारीपणा कमी केला, की नुसते बटणच बंद पाडले? दुसऱ्या प्रकारात यीस्ट जगते, आणि कंपवाताशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. अर्कातच ग्लुकोज असेल तरी हेच घडते, कारण ग्लुकोज मिळाले की यीस्ट गॅलॅक्टोजकडे ढुंकून पाहत नाही. वनस्पतींच्या अर्कात साखर असणे ही तर नेहमीचीच गोष्ट. उलट बाजूने, यीस्टची जाड पेशीभित्ती आणि नको ते बाहेर फेकणारे तिचे पंप एखादे चांगले रसायन आत शिरूच देत नाहीत, आणि ते हकनाक नापास होते.

म्हणून पहिल्या निकालानंतर प्रथिन तेवढेच तयार होत होते का, हे मोजावे लागते. बटण वेगळे लावून प्रयोग पुन्हा करावा लागतो, अर्कातील नेमका घटक वेगळा काढावा लागतो, आणि मग तो चेतापेशींवर पाहावा लागतो. शंभर अर्कांपासून सुरुवात केली तर बहुतेक सगळे या वाटेवर गळतील. उरलेच एखादे, तर पुढची तपासणी माणसाच्या मेंदूच्या ऊतींशी ताडून पाहण्याची. त्यासाठीची पेढी बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे, कोल्हापूरवरून जाणाऱ्या त्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला.